अस्थींचे पेव

अस्थी म्हणजे निर्जीव खांब नव्हेत. त्यांचा जुना भाग झिजून नवा घडणे, हा क्रम आजन्म चालतो. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम अस्थी व दात यांतच साठलेले असते. आपल्या वऱ्हाडात पूर्वी ज्वारी पेवात साठवीत. अस्थी हे तसेच पेव होय. रक्तास कॅल्शियम उणे पडले की ते येथूनच उपसले जाते. मात्र हे पेव भरण्याचा हंगाम सुमारे तिशीपर्यंतचाच. पुढे ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांचे पेव झपाट्याने रिते होऊ लागते. यास्तव बुलढाण्याच्या घराघरांत मुलाच्या वाटीत जितके दूध-ताक पडते, तितकेच मुलीच्याही पडावे. जोडीस तीळ, शेवग्याचा पाला, व्यायाम आणि ऊन असावे. उन्हाने त्वचेत घडणारे 'ड' जीवनसत्त्व कॅल्शियम पचनी पाडते. वार्धक्यात मोडलेला खुबा सांधण्याहून लेकीची वाटी आज भरणे सोपे आहे.