प्रौढ वयातील स्त्रियांचे आरोग्य आणि आपले कर्तव्य
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेपुढे दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी हा विषय माझ्याकडे सोपविला, तेव्हा एखाद्या डॉक्टरबाईंना पाचारण करावे अशी सूचना मी केली होती. परंतु औषध सांगणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. घरातील बाईने त्यांच्याकडे केव्हा व कशासाठी जावे, हे घरातल्याच माणसाने सांगितलेले बरे, असे त्यांचे म्हणणे पडले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शिक्षक. वैद्यकाचा अधिकार मला नाही. जे वाचले, जाणत्यांस विचारून पडताळले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

आपल्या घरांतून स्त्रीच्या प्रकृतीची आस्था मुळीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लेक गरोदर राहिली की डोहाळे पुरविले जातात, बाळंतपणात डिंकाचे लाडू होतात, शेकशेगडी होते. परंतु ही सारी आस्था मुलाबाळांच्या निमित्ताने असते. चाळिशी उलटली, मुले हाताशी आली, की त्याच स्त्रीला ‘तुझी तब्येत कशी आहे?’ असे विचारणारे घरात कोणी उरत नाही. वास्तविक पंचेचाळिशी गाठलेल्या स्त्रीपुढे सामान्यतः आणखी तीस वर्षांचे आयुष्य असते. तीस वर्षे म्हणजे शिक्षकाची सबंध नोकरी! एवढा काळ कण्हत काढावयाचा की चालत्याबोलत्या काढावयाचा, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

आपल्या देशात बहुतेक स्त्रियांची पाळी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास कायमची थांबते. पाश्चात्त्य देशांत हे वय एक्कावनच्या आसपास आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे समजतात. तत्पूर्वीची काही वर्षे अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, चिडचिड होते, उगाच रडू येते. घरातले म्हणतात, ‘हिचा स्वभाव बिघडला.’ स्वभाव बिघडलेला नसतो; बीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन नामक द्रव्य कमी झालेले असते. हे घरातील पुरुषांनी व सुनांनी जाणून घेतले, तर निम्मी भांडणे उंबऱ्याबाहेर राहतील. त्रास फार असेल तर त्यावर उपचार आहेत. मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.

आता ज्या दोन गोष्टींत मौन जिवावर बेतते, त्या सांगतो. पहिली, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे. ‘उष्णतेने झाले असेल’ म्हणून स्त्रिया ते लपवितात. बहुतेक वेळा कारण साधे निघते, परंतु कधी कधी तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असतो. म्हणून एक डागही तपासल्यावाचून सोडू नये. दुसरी, स्तनातील गाठ. ती दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. न दुखणारीच गाठ अधिक संशयाची.

लवकर तपासणी केल्याने काय साधते, याची साक्ष आपल्या महाराष्ट्रातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी ज्या गावांत एकदाच केली गेली, तेथे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये दुसरा प्रयोग केला. व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून गर्भाशयमुख पाहण्याच्या साध्या तपासणीने तेथे मृत्यूंत ३१ टक्के घट आढळली. तसेच दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी केल्याने पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. हे काम मोठ्या पदवीधरांनी केले नाही. दहावी शिकलेल्या बायकांनी थोडक्या आठवड्यांच्या शिक्षणावर केले. आपल्या ज्ञातीत दहावी झालेल्या सुना-लेकी काय थोड्या आहेत?

याच्या उलट दुसरे टोक आहे. ‘पिशवी काढून टाकली की कटकट मिटली’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या प्रकरणी २०१९ साली शासनाने समिती नेमली, तेव्हा पाहणी झालेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिकांची गर्भाशये काढलेली आढळली. पुढे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रियांस आळा घालणारे केंद्र शासनाचे नियम सर्व राज्यांनी अमलात आणावेत, असा आदेश दिला. काही रोगांत ही शस्त्रक्रिया प्राण वाचविते, हे खरे. परंतु सोबत बीजकोशही काढले, तर त्या स्त्रीला अकाली वार्धक्य येते, हाडे लवकर ठिसूळ होतात व हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून ‘शस्त्रक्रियेवाचून दुसरा उपाय आहे काय? बीजकोश राखता येतील काय?’ हे दोन प्रश्न विचारल्यावाचून व दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावाचून संमतीच्या कागदावर सही करू नये.

हाडांचे दुखणे तर मुकेच असते. माझ्या ज्येष्ठ भगिनीचे मनगट अंगणात घसरून मोडले, तेव्हा वय अवघे अठ्ठावन्न. प्लास्टर झाले, हात बरा झाला आणि सर्वजण विसरले. एवढ्याशा पडण्याने हाड का मोडावे, हे कोणी विचारले नाही. सहा वर्षांनी खुबा मोडला आणि ती बाई पुन्हा विहिरीपर्यंतही चालत गेली नाही. मनगटाचे मोडणे ही खुब्याची पूर्वसूचना होती. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते, म्हणून त्याच वेळी जपले पाहिजे. नाचणी, तीळ, दूध-ताक ही आपलीच अन्ने आहेत. त्यांना थोडे ऊन व रोजचे अर्धा तास झपाझप चालणे यांची जोड द्यावी. ‘घरात दिवसभर राबते, निराळा व्यायाम कशाला?’ असे विचारतात. ओट्यापाशी उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे.

हृदयविकार पुरुषांचा रोग, हीही समजूत चुकीची. पाळी गेल्यावर स्त्रीलाही तो धोका वाढतो, आणि तिच्यात छातीतील कळेऐवजी कधी धाप, मळमळ, पाठीत वा जबड्यात दुखणे एवढेच दिसते. ‘पित्त झाले’ म्हणून ती ओवा खाते आणि मोलाचा वेळ जातो. सबब रक्तदाब व साखर वर्षातून एकदा तरी तपासावी. पाळी चालू असून रक्तस्राव फार होत असेल, तर हिमोग्लोबिनही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५४ स्त्रियांत रक्त कमी आढळले. सर्वांची पाने वाढून उरलेसुरले आपण खाण्याची रीत याला काही अंशी कारण आहे. आणि मिसरी! ती दात घासण्याची पूड नसून जाळलेली तंबाखू आहे, हे माहीत असूनही आपल्या कित्येक वडीलधाऱ्या स्त्रिया ती सोडीत नाहीत.

बंधूंनो, दोन शब्द आपणांसाठी. तीस वर्षांवरील सर्वांसाठी रक्तदाब, मधुमेह व कर्करोगाच्या प्राथमिक तपासणीची सोय सरकारी आरोग्य केंद्रांतून करण्याचे धोरण आहे. परंतु तेथे जाण्यास सवड, सोबत आणि गाडीभाडे लागते. बैलाचा खुर दुखला तर त्याच दिवशी पशुवैद्य येतो, आणि घरधनिणीचा गुडघा दिवाळीनंतर बघू, पेरणीनंतर बघू, असे चालते. हे शोभत नाही. घरखर्चात तिच्या तपासणीची रक्कम वर्षारंभीच वेगळी काढून तिच्याच हाती द्यावी. आणि भगिनींनो, आपणही ‘मला काही होत नाही’ असे म्हणण्यात भूषण मानू नये. एक वही ठेवावी. तीत रक्तदाब, साखर, औषधे व तारखा लिहाव्यात. वाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला देहाचा हिशेब कठीण नाही.

शेवटी संस्थेपुढे तीन सूचना नम्रपणे मांडतो. वार्षिक संमेलनाच्या आदल्या दिवशी चाळिशीपुढील स्त्रियांसाठी तपासणी शिबिर भरवावे व तेथे स्त्री डॉक्टर असाव्यात. संमेलनाच्या भोजनातील एक पक्वान्न कमी करून वाचलेल्या पैशांतून गरजू भगिनींच्या पुढील उपचारांसाठी निधी उभारावा. तिसरी सूचना संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. त्या दिवशी सर्व स्त्रिया एकत्र येतात. वाण म्हणून डबे-चमचे वाटण्याऐवजी रक्त व रक्तदाब यांची तपासणी करून द्यावी. परंतु तेथे विधवा भगिनींना बोलावीत नाहीत, आणि ज्यांच्या दुखण्याची चौकशी घरात सर्वांत कमी होते त्या नेमक्या त्याच! २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका खेड्याने जे केले, ते शिकलीसवरलेली म्हणविणाऱ्या आपल्या ज्ञातीस अशक्य नसावे. यंदाच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण प्रत्येक स्त्रीस जावे, तिच्या कपाळाकडे न पाहता, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.