खाडा, काकू आणि भरलेला फोन

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिखित स्वरूपात इथे देतोय.

गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारला. ‘दादा, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप नाही, फोन आहे. ॲप डेव्हलपमेंट शिकू शकतो का? की घरी सांगून हप्त्यावर लॅपटॉप घ्यायला लावू?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे घरातलं एक वर्षाचं गणित असतं. त्यामुळे ‘हो, जिद्द असेल तर सगळं होतं’ असलं उत्तर मला द्यायचं नाहीये. नेमकं कुठपर्यंत जमतं आणि कुठे अडतं, ते सांगतो.

मी सांगलीला बीटेक केलं. 2016 साली दुसऱ्या वर्षाला होतो. रूमवर आम्ही चौघं, आणि चौघांत मिळून एक लॅपटॉप, 4 जीबी रॅमचा. त्यावर अँड्रॉइड स्टुडिओ उघडलं की पंखा असा सुरू व्हायचा की शेजारच्या रूमवाल्यांना कळायचं. त्यातला एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा खोटा फोन, तो तर सुरूच व्हायचा नाही. मग खरा फोन जोडायचा. सेटिंगमध्ये जाऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपरचे पर्याय उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं. तुमचा फोनच तुमची प्रयोगशाळा. ही युक्ती आजही तशीच चालते.

डेटाचं म्हणाल तर त्या सप्टेंबरात जिओ आलं आणि आमचं आयुष्य बदललं. त्याआधी महिन्याला एक जीबीचा पॅक मारायचो आणि तो पुरवून पुरवून वापरायचो. प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडला की ग्रेडल ज्या लायब्ररी उतरवून घेतं, त्यातच निम्मा पॅक संपायचा. म्हणून ते काम कॉलेजच्या वायफायवर करायचं आणि रूमवर ऑफलाइन मोडमध्ये कोड लिहायचा.

आता ॲप कसलं करायचं? त्या वेळी वर्गातले निम्मे जण कॅल्क्युलेटर करत होते आणि उरलेले टू-डू लिस्ट. आमच्यासमोर मात्र रोज दोन वेळा एक खरा प्रश्न ताटात वाढून यायचा. मेसचा खाडा!

ज्यांनी मेसचं जेवण जेवलंय त्यांना खाडा सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. तुम्ही गावाला गेलात, तितके दिवस जेवला नाहीत, तर तितक्या दिवसांचे पैसे बिलातून कमी होतात, तो खाडा. अट एकच, आदल्या रात्री सांगायचं. आम्ही विश्रामबागेत एका काकूंकडे जेवायचो. जेवायला साठेक पोरं. काकू एका वहीत खाडे लिहायच्या. आणि दर महिन्याच्या एक तारखेला वाद. ‘काकू, मी चार दिवसांचा खाडा सांगितला होता.’ ‘अरे, तू जाताना दारातनं ओरडलास, मी पोळ्या लाटत होते, ते धरायचं होय?’ दोघंही खरं बोलत असायचे. चार दिवसांचे दोनशे रुपये म्हणजे पोरासाठी गावाकडच्या एस. टी.चं भाडं. आणि काकूंच्या बाजूने बघितलं, तर न सांगता गेलेल्या दहा पोरांच्या पोळ्या रात्री उरलेल्या.

म्हणून ठरवलं, खाड्याचं ॲप करायचं. पहिला विचार जो कुणीही करेल तोच: पोरांचं एक ॲप, काकूंचं एक ॲप, मध्ये सर्व्हर. पण कोड लिहिण्याआधी काकूंचा फोन बघायला मागितला. मुलाने वापरून दिलेला फोन, 8 जीबी स्टोरेज, त्यातली मोकळी जागा जवळपास शून्य. भिशीच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे फोटो, नातवाचे व्हिडिओ. ते काढायचे का विचारलं तर म्हणाल्या, ‘नातवाचं काही काढायचं नाही हं. तुझं ॲप नाही आलं तरी चालेल.’

मंडळी, या वाक्याने माझं सगळं डिझाइन ठरलं. काकूंच्या फोनवर ॲप जाणार नाही, नेट कधी चालू तर कधी बंद. मग काकूंकडे आधीपासून काय आहे? एसएमएस. म्हणून ॲप फक्त पोरांच्या फोनवर. तारखा निवडायच्या, बटण दाबायचं, की फोनचंच मेसेजचं ॲप उघडतं, काकूंचा नंबर आणि मजकूर भरलेला. पाठवा तुम्ही दाबायचं. सर्व्हर नाही, लॉगिन नाही. रात्री नऊनंतर उद्याची तारीख निवडता येत नाही. कुणी फोनचं घड्याळ मागे केलंच, तरी मेसेज किती वाजता आला ते काकूंच्या फोनवर दिसतंच.

इथे एक मराठी गंमत आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त 70. आणि मोजणी आपल्यासारखी नाही. ‘काकू’ आपल्याला दोन अक्षरी वाटतं, फोन त्यात चार चिन्हं मोजतो, कारण काना आणि उकार वेगळे. 70च्या वर गेलं की एकाचे दोन मेसेज. म्हणून मजकूर अगदी तोकडा ठेवला: नाव, खाडा, कधीपासून कधीपर्यंत. काकूंना वाचायला तेच सोपं पडलं.

तपासायला रूमवरचे फोन होते. एकावर किटकॅट, एकावर लॉलीपॉप, एकावर नवं मार्शमॅलो. मार्शमॅलोपासून परवानग्या ॲप वापरताना मागाव्या लागतात, त्याआधी इन्स्टॉल करतानाच सगळ्या घेतल्या जायच्या. आमचं ॲप स्वतः मेसेज पाठवतच नव्हतं, त्यामुळे एसएमएसची परवानगी मागायची वेळच आली नाही. पुढे 2018 मध्ये गूगलने प्ले स्टोअरवर ही परवानगी वापरण्यावर कडक बंधनं आणली, तेव्हा अशी बरीच ॲप्स अडकली. आमचं तर प्ले स्टोअरवर नव्हतंच. तिथल्या खात्याचे 25 डॉलर भरायला लागणारं कार्ड कुणाकडे होतं? शेअरइटने एपीके या फोनवरून त्या फोनवर.

एक तारखेचे वाद संपले का? संपले नाहीत, कमी झाले. वीसेक पोरांनी ॲप कधीच घेतलं नाही, ती दारातूनच ओरडत राहिली. पण बाकीच्यांचा हिशोब वहीऐवजी मेसेज बघून व्हायला लागला. नंतर कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये माझ्याशी सगळ्यात जास्त वेळ बोलले ते या काकूंच्या फोनबद्दल.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. फक्त फोन असेल तर काय जमतं? टर्मक्स घाला, त्यात पायथन, नोड, गिट सगळं चालतं. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट फोनवर लिहून फोनच्याच ब्राउझरमध्ये बघता येतं. अँड्रॉइडचा कोडही फोनवर लिहून गिटहबवर टाकता येतो आणि गिटहब ॲक्शन्सकडून एपीके बनवून घेता येते. सार्वजनिक प्रोजेक्टला त्याचे पैसे पडत नाहीत. अडतं कुठे? मोठ्या प्रोजेक्टमधली चूक शोधताना, स्क्रीनचं डिझाइन लावताना. तेव्हा मोठा पडदा लागतो. त्यासाठी कॉलेजची लॅब वापरा, मित्राचा लॅपटॉप दोन तास मागा. हप्त्यावर लॅपटॉप घ्यायचाच असेल तर सहा महिने असे काढून बघा. तोपर्यंत तुम्हाला हे काम आवडतं की नाही, हेही कळलेलं असेल.

प्ले स्टोअरचंही सांगून ठेवतो. आज नवीन वैयक्तिक खातं काढलं, तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांनी सलग 14 दिवस ते तपासणीसाठी घेतलेलं असावं लागतं. पोरं या नियमाला वैतागतात आणि अनोळखी ग्रुपवर ‘तू माझं घे, मी तुझं घेतो’ करत बसतात. अहो, तुमच्या मेसमध्ये, लायब्ररीत, एस. टी.च्या पासच्या रांगेत बारा माणसं नाहीत का? नसतील, तर ते ॲप नक्की कुणासाठी करताय?

तर या आठवड्याचं काम. तुमच्या आजूबाजूला कुणीतरी वहीत काहीतरी लिहीत असेल. दूधवाला, झेरॉक्सवाले काका, भिशीवाल्या मावशी. त्यांच्याशी बोला आणि त्यांचा फोन बघायला मागा. अँड्रॉइड कुठलं, जागा किती, नेट कधी चालू असतं, हे तीनच मुद्दे लिहून घ्या. कोडची एकही ओळ इतक्यात लिहू नका. वही कुणाची सापडली ते मला जरूर कळवा.

पुढच्या भागात अशा वहीवरून पहिला स्क्रीन कागदावर कसा काढायचा ते बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि गावाला जाताय तर खाडा आदल्या रात्री सांगा.