बँकेचा माणूस आणि मिलचं गोडाऊन
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चाळीतली मुलगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजर झाली, तिचा सत्कार आत्ताच झाला. तिची आजी मला विचारते, "दादा, म्हंजे ही नोटा मोजती का?" नाही आजी, नोटा मोजतो तो कॅशियर. ही कंपन्यांना कर्ज देणाऱ्या खात्यात आहे. कंपनीला किती पैसा लागतो, ती फेडील का, हे ताळेबंद वाचून ती कागद तयार करते. मंजुरी वरचे देतात. पुढे त्या पार्टीवर नजर ठेवायची तीही हिनेच.

बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ 1923 साली प्रसिद्ध झाला. 1925 साली त्यांनी हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष दिली. त्या कमिशनच्या शिफारशीतून पुढे 1935 साली रिझर्व्ह बँक उभी राहिली. तेव्हा पैशाचा विषय आपल्याला परका नाही. पण नुसता अभिमान सांगून भागत नाही, म्हणून मिलमधली गोष्ट सांगतो.

मिलला कॅश क्रेडिट असतं. कापूस, सूत, कापडाच्या गाठी बँकेकडे नजरगहाण. म्हणजे माल मिलच्याच गोडाऊनात, पण हक्क बँकेचा. दर महिन्याला मालाचा तक्ता बँकेला द्यायचा. समजा उधारीचा माल वजा जाता एक कोटीचा माल आहे आणि बँकेने पाव हिस्सा राखला, तर उचल 75 लाखांपर्यंत. आणि माल नसलाच तर?

मी साचेखात्यात होतो. तपासणीच्या आदल्या रात्री आम्हाला ओव्हरटाइम मिळायचा. चिंध्यांच्या गाठी मागे, चांगलं कापड पुढच्या रांगेत. ओव्हरटाइम मिळतो म्हणून आम्हीही तोंड उघडलं नाही, हे कबूल करतो. साहेब यायचे, दारातून बघायचे, चहा घेऊन सही करायचे. मिल बंद पडली तेव्हा कागदावर माल होता, गोडाऊनात चिंध्या. ग्रॅच्युइटीसाठी किती खेटे घातले, ते इथल्या मंडळींना ठाऊक आहे.

आता 2016 चा दिवाळखोरी कायदा आहे. कंपनी मोडीत निघाली तर कामगारांची मागच्या 24 महिन्यांची देणी, तारण सोडून देणाऱ्या बँकेच्या बरोबरीने धरतात. चांगलं आहे. पण वाटायला काही उरलं पाहिजे ना!

तर पोरी, पार्टी चहा पाजील, तो घे. पण आधी मागच्या रांगेतली गाठ फोडायला लाव. आणि निघताना गेटवरच्या वॉचमनला विचार, पगार कधी झाला. ताळेबंद वर्षाने येतो, पगार लांबलेला त्याला त्याच महिन्यात कळतो.

एवढं बोलून थांबतो. जयभीम!