वेबसाइट करायला देण्याआधी

आंबा बागायतदार असोत, न्याहारी-निवास चालवणारी मंडळी असोत, की कोकम आगळ आणि आंबापोळी करणारे बचतगट, सगळ्यांकडून हल्ली मला एकच प्रश्न येतो: वेबसाइट करायला किती पैसे लागतील? साइटवर काय हवंय हे ठरल्याशिवाय कुणी आकडा सांगितलाच, तर त्यावर विश्वास ठेवू नका. चार पानांची माहिती देणारी साइट आणि पेटीची ऑर्डर घेऊन पैसे भरून घेणारी साइट यांच्या खर्चात पुष्कळ फरक पडतो. दोघा-तिघा डिझायनरांना विचारा, लेखी दर घ्या. मला आज त्याच्या आधीचं बोलायचंय. डिझायनरकडे जाताना तुमची काय तयारी हवी, ते.

सगळ्यांत आधी डोमेन, म्हणजे तुमच्या साइटचं ते डॉट कॉम किंवा डॉट इनवालं नाव. ते तुमच्या स्वतःच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवर नोंदवा. डिझायनरला "तूच काय ते बघ" म्हणू नका. तो कितीही भला माणूस असला तरी म्हणू नका.

कारण सांगतो. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी नोंदवता येतं, आणि बहुतेक लोक एकेका वर्षासाठीच नोंदवतात. मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आधी आणि पुन्हा आठवडाभर आधी आठवणीचा ईमेल येतो. तो नोंदलेल्या पत्त्यावर येतो. तो पत्ता डिझायनरचा असेल आणि त्याने मधल्या काळात हा धंदा सोडून नोकरी धरली असेल, तर तुम्हाला कळणार कसं?

देवगडकडच्या एका बागायतदारांचं हेच झालं. ऐन एप्रिलमध्ये साइट बंद. पुठ्ठ्याची खोकी छापून आलेली, प्रत्येक खोक्यावर साइटचा पत्ता ठळक अक्षरांत. गिऱ्हाईक तो पत्ता टाकतं आणि पान उघडत नाही. ज्याच्या ईमेलवर नोंदणी होती तो फोन उचलेना. रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, खातेदाराशिवाय आम्ही कुणाशी बोलू शकत नाही. कंपनीचं काय चुकलं? तिच्या दफ्तरी मालक दुसराच होता.

डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रार थोडे दिवस सवलतीचे देतो, फार तर 45. त्यानंतर 30 दिवस ते नाव जादा दंड भरून सोडवता येतं. मग आणखी 5 दिवस, आणि नाव मोकळं. मग जगातलं कुणीही ते घेऊ शकतं. तुमच्या आडनावाचं, तुमच्या गावाचं, तुमच्या खोक्यावर छापलेलं नाव!

अहो, जमिनीच्या व्यवहारात सात-बारा बघितल्याशिवाय इसाराचा रुपया न देणारी माणसं आपण. मग इथे नोंद कुणाच्या नावावर आहे ते विचारायला संकोच कसला? वर्षाला हजार रुपयांच्या आसपासचा हा खर्च. तेवढ्यासाठी दुसऱ्याच्या खात्यात कशाला जाऊन बसता?

नोंदणी करताना स्वतः बसा. डॉट इनचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी बघते. नाव घ्यायचं ते तिच्या मान्यताप्राप्त रजिस्ट्रारकडून. फॉर्मवर 'रजिस्ट्रंट' असा भाग असतो. तिथे नाव तुमचं. खाली संस्थेचा रकाना असतो, तिथे तुमच्या व्यवसायाचं नाव घाला. तिथे डिझायनरच्या फर्मचं नाव पडलं तर मालक ती फर्म धरली जाऊ शकते. डॉट कॉम घेतलंत तर पडताळणीचा ईमेल येतो. त्यातल्या लिंकवर 15 दिवसांत क्लिक केलं नाही, तर नाव स्थगित होऊ शकतं. डिझायनरला खात्याचा पासवर्ड लागत नाही. तो नाव साइटशी जोडणाऱ्या नेमसर्व्हरच्या दोन ओळी पाठवेल, त्या तुम्ही खात्यात चिकटवा. झालं.

2014 पासून डॉट भारत असं देवनागरी नावही मिळतं. जरूर घ्या, पण मुख्य नाव असं ठेवा की फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहून घेता यावं.

आता मजकूर. डिझायनर पानं मांडतो, तुमचा धंदा त्याला माहीत नसतो. तेव्हा "आमच्याबद्दल काहीतरी छान लिहा" असं त्याला सांगू नका. एक वही घ्या आणि गिऱ्हाईक फोनवर काय काय विचारतं ते आठवडाभर लिहून ठेवा. पेटी किती डझनाची? फळ किती ग्रॅमचं? पेटी घरपोच येणार की ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून आणायची? फळ खराब निघालं तर बदलून देणार का? त्या प्रश्नांची उत्तरं, तुम्ही फोनवर देता त्याच शब्दांत, हाच तुमच्या साइटचा मजकूर. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर तुमचा नोंदणी क्रमांक द्या. नसाल तर ती खूण साइटवर लावू नका.

न्याहारी-निवासवाल्यांनो, समुद्राचे फोटो खूप झाले. मुंबई-पुण्याहून म्हाताऱ्या आईला घेऊन येणाऱ्या माणसाला तुमचं बाथरूम बघायचं असतं. कमोड आहे का, पायऱ्या किती आहेत, गाडी अंगणापर्यंत येते का, हे दाखवा. त्यासाठी आधी बाथरूम घासून घ्या, दुपारच्या उजेडात फोटो काढा. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे पाठवू नका, त्यात ते बारीक होऊन जातात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

मराठी मजकूर युनिकोडमध्ये द्या. छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर साइटवर चिकटवला की त्याची भलतीच अक्षरं होतात. लोगोची मूळ फाइलही छापखान्याकडून मागून घ्या, पत्रकाचा फोटो काढून चालत नाही. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक हाताशी ठेवा. ऑनलाइन पैसे घेणार असाल तर परतावा आणि गोपनीयतेची पानं लागतील. साइट बघायची ती मोबाइलवर, कारण गिऱ्हाईकही तिथेच बघणार.

एक कायद्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. बाहेरच्या माणसाकडून लोगो किंवा मजकूर करून घेतला, पैसे दिले, म्हणून त्याचा कॉपीराइट आपोआप तुमचा होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो तुमच्या नावावर लेखी करून घ्यावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते. म्हणून कामाच्या पत्रात लिहून घ्या: शेवटचा हप्ता दिल्यावर लोगो, मजकूर आणि साइटच्या फाइली यांचे सर्व हक्क कायमचे आमचे. चांगला डिझायनर यावर सही करायला का-कू करत नाही.

हे सगळं ऐकून कुणीतरी म्हणेलच, "पण आमची साइट तर भाचाच करतोय." करू दे की! गुणी मुलं आहेत ती, त्यांना काम द्या, आणि पैसेही द्या. फुकटात राबवू नका. पण डोमेन मात्र तुमच्याच ईमेलवर. भाचा उद्या बंगळूरला जाईल, परदेशात जाईल, त्याचा जुना ईमेल बंद पडेल. त्याच्या मनात काही वाईट नसतानाही तुमचं नाव अडकेल. त्याच्याशी बसून एकदा नोंदणी करा, त्यालाच शिकवायला सांगा.

आणि ज्यांची साइट आधीच चालू आहे त्यांनी आज रात्री जेवणं झाल्यावर बघा, डोमेनच्या खात्यात तुम्हाला स्वतःला शिरता येतं का. बाहेरून शोधून उपयोग नाही, मालकाची माहिती आता बहुधा झाकलेली असते. शिरता येत नसेल तर डिझायनरला फोन करा आणि गोडीने सांगा, नाव माझ्या खात्यात वळतं करून दे. त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं खातं असेल तर काम सोपं आहे. दुसरीकडे न्यायचं असेल तर त्याच्याकडून ऑथ कोड, म्हणजे नाव हलवण्यासाठीचा सांकेतिक शब्द लागेल, आणि डॉट कॉम नव्याने नोंदवलेलं किंवा नुकतंच हलवलेलं असेल तर 60 दिवस थांबावं लागू शकतं. त्यामुळे मार्चमध्ये हे काढू नका. पेट्या संपल्या, पाऊस लागला, की जूनमध्ये हे काम हातात घ्या. डिझायनरचे काही पैसे द्यायचे राहिले असतील तर ते आधी चुकते करा, मग कोड मागा.