भोंगा थांबवावा, इशारा नव्हे
(बालाघाट येथील भाषण)



आपल्या जिल्ह्यास लागून असलेल्या भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे नवजात शिशु कक्षास आग लागून १० बालके दगावली. आगीची सूचना वेळेवर मिळण्याचे मोल यावरून ध्यानी यावे.

परंतु भोंगा एकसारखा वाजत राहिला की परस्परांचे बोलणे ऐकू येत नाही आणि सारी यंत्रणाच बंद करण्याचा मोह होतो. म्हणून भोंगा थांबला तरी लुकलुकणारा दिवा चालू राहील, अशी जोडणी असावी. याकरिता भोंग्यांच्या व दिव्यांच्या तारा नियंत्रण फलकापासूनच वेगळ्या न्याव्यात. दोन्ही एकाच जोडतारेवर असल्यास, केवळ भोंगा थांबविणारा संकेत फलकास देता यावा व उपकरणास कळावा. तार तुटल्याचे फलकास समजावे म्हणून साध्या जोडणीत तिच्या शेवटच्या टोकाशी रोधक बसवावा. मध्ये फाटे फोडू नयेत. दुसऱ्या कक्षातून नवी सूचना येताच भोंगा पुन्हा वाजलाच पाहिजे. याची चाचणी अवश्य घ्यावी.

भोंगा थांबला म्हणजे आग विझली, असे नव्हे. प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत दिवा तेवत राहू द्यावा, ही विनंती.