किनाऱ्याची मोजणी

माझं गाव सोनारी. परंडा तालुक्यातलं, काळभैरवनाथाचं. अरबी समुद्र आम्हाला जवळचा, पण आमच्या भागातलं पाणी त्याच्याकडे जात नाही. ते सीनेत उतरतं, सीना भीमेला, भीमा कृष्णेला मिळते आणि पाणी थेट आंध्रात बंगालच्या उपसागरात पोचतं. म्हणजे आम्हा कोरडवाहू माणसांचंही किनाऱ्याशी नातं आहे, जरा लांबून का होईना.

शाळेत पाठ केलेला आकडा होता : भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर. केंद्रीय गृहखात्याच्या २०२३-२४च्या अहवालात तो ११,०९८ झाला. महाराष्ट्राचा ६५२ वरून ८७७. देश काही वाढला नाही, मोजणी बारीक झाली. ओढ्याच्या काठानं शंकूसाखळी टाकली की वळणं सुटतात. तिथंच सुतळी अंथरा, काठ लांबतो. जुनी मोजणी १९७०च्या दशकातली, ढोबळ नकाशावरची. सुंदरबनच्या खाड्यांमुळे बंगालचा किनारा १५७ वरून ७२१वर गेला. केरळचा सरळसोट, तो तीसेक किलोमीटरच वाढला.

कोकणात हे गणित पायाला कळतं. दाभोळला वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपावे समोर दिसतं. फेरीबोट चुकली तर रस्त्यानं केवढा वळसा! याच दाभोळहून बहमनी काळात हज यात्रेची गलबतं सुटत. परंड्याच्या भुईकोटाचं श्रेय ज्याला देतात, त्या महमूद गवाननं १४७२मध्ये गोवा बहमनींसाठी जिंकला. आमच्या कोरड्या खंदकाचा धनी बंदरांसाठी लढत होता, हे मला फार गमतीचं वाटतं. पुढे हजची जहाजं मुंबईहून सुटू लागली, ती १९९५पर्यंत. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो जहाजाची शिडी चढताना. आता विमान. खिडकीतून दिसला तर दिसला.

पण मोजणी म्हटली की आम्हा शेतकऱ्यांना सातबारा आठवतो. वीतभर बांधासाठी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जातो. मुंबईच्या कोळीवाड्यांची सीमा आखून द्या, ही मागणीही तशीच वर्षानुवर्षांची. मासळी सुकवायची, जाळी पसरायची जागा कागदावर अनेकदा मोकळी जमीन म्हणूनच लागते, आणि मोकळ्या जमिनीवर मुंबईत कुणाची नजर नसते? किनाऱ्यावरच्या बांधकामांचे १९९१पासूनचे नियम भरतीरेषेपासून अंतर मोजतात. भरतीरेषा नकाशावर येते. वळणं आली, खाड्या आल्या, दोनशे पंचवीस किलोमीटर जास्तीचे आले. त्यात जाळी वाळत घालायची पुळण कुणाच्या नावावर लागली, एवढं मला विचारायचं आहे.