सोल्डरिंग आयर्न कुणाच्या हाती?
(तंत्रनिकेतनातील विद्यार्थिनींच्या शिबिरात केलेले भाषण)



माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला गटात चार मुलगे आणि मी. जोडणी त्यांची, फाईल माझी; माझं अक्षर चांगलं ना! तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं मलाच विचारलं, मोटर मध्येच का थांबते? मी गप्प. मागाहून कळलं, एक ड्राय सोल्डर होता. पण मी आयर्न एकदाही हातात धरलं नव्हतं. म्हणून आधी हेच सांगते: कामं पहिल्या दिवशी वाटून घ्या आणि दर आठवड्याला फिरवा. फाईलसुद्धा फिरू दे.

तुमच्यातल्या एका गटाला माणूस जवळ आला की उमलणारं फूल करायचं आहे. आधी पुठ्ठ्याचं करा, हाताने उघडून बघा. पाकळी अडकत असेल तर ती प्रोग्रॅमने सुटणार नाही. मग अल्ट्रासॉनिक सेन्सर एकटा जोडून अंतराचे आकडे बघा. मग सर्वो मोटर एकटी. दोन्ही नीट चालली, की एकत्र.

इथे भलेभले रडकुंडीला येतात. मोटर हलली की आर्डुइनो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. रात्र रात्र प्रोग्रॅम तपासतात, आणि दोष असतो विजेचा! सुरू होताना मोटर एकदम जास्त करंट ओढते, व्होल्टेज खाली येतं. सर्वोला ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा द्या. मात्र दोन्हींचे ग्राउंड जोडा, नाहीतर सिग्नल पोचणार नाही. साधी डीसी मोटर तर पिनेला थेट लावूच नका. आर्डुइनो उनोच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअरच्या वर ओढायचं नसतं. मध्ये ड्रायव्हर हवा. आणि मल्टिमीटर प्रत्येकीला वापरता यायला हवा, गटातल्या एकालाच नव्हे.

आता सेन्सर. तो ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परतायच्या वेळेवरून अंतर काढतो. सगळे समोर वही धरून तपासतात. वहीवरून आवाज छान परततो, सैल मऊ कापडात जिरतो. प्रदर्शनात शाल पांघरलेल्या आजी येतात, आणि फूल मिटलेलंच! उंच मुलाच्या छातीशी बसवलेला सेन्सर लहान मुलाच्या डोक्यावरून बघतो. तेव्हा साडीतल्या, ओढणीतल्या बायका, पोरं, चाकाच्या खुर्चीवरची व्यक्ती, सगळ्यांना समोर उभं करून, बसवून बघा. एका आकड्यावर विसंबू नका, पाच घ्या आणि मधला धरा.

चला टेबलांकडे. आयर्न तापलंय. जिने आजवर धरलं नाही, तिने आधी यावं.